गोष्ट सांगणारीला विचारलंत?

व्हिडिओ गेम म्हणजे मारामारी, आणि तीही मुलग्यांची, असं मी धरूनच चालले होते. पुतणीने हट्टाने शेजारी बसवलं आणि २०१४ साली निघालेला 'नेव्हर अलोन' खेळायला लावला.

अलास्कातल्या इन्युपियाक या आदिवासींच्या जुन्या गोष्टीवर तो बेतलेला आहे. न थांबणाऱ्या हिमवादळाचं मूळ शोधायला नुना नावाची मुलगी निघते. सोबत पांढरा कोल्हा. पुतणी नुना झाली, मी कोल्हा. एकीला मागे टाकून दुसरीला पुढे जाताच येत नाही. निवेदनही इन्युपियाक भाषेतच.

पण मला मोलाची वाटली ती खेळामागची रीत. ही गोष्ट रॉबर्ट नासरुक क्लीव्हलँड हे कथाकार सांगत. खेळ करणारे त्यांच्या कन्येकडे, मिनी ग्रे यांच्याकडे गेले आणि रीतसर परवानगी मागितली. मूळ गोष्टीतल्या मुलाच्या जागी खेळात मुलगी आली. आणि हे करणारी कंपनी तिथल्या आदिवासींच्याच संस्थेने, कुक इनलेट ट्रायबल कौन्सिलने काढलेली.

आपण काय करतो? एखाद्या आजीकडून कहाणी उतरवून घेतो, 'लोककथा' म्हणून छापतो. संकलक म्हणून आपलं नाव ठळक; आजी बिननावाची. माझ्याही वहीत अशा कितीतरी कहाण्या आहेत. सांगणाऱ्या बायांची नावं मी लिहिलीच नाहीत.

लोककथा सगळ्यांची, हे खरं. म्हणून ती सांगणारी कुणीच नसते का?