पाटी नवी, नाव कोणाचे?

छोट्या दुकानदारांनी हल्ली पाट्या, बोधचिन्हे, मोबाइलवरची दुकाने नव्याने सजवण्याचा सपाटा लावला आहे. सजवावीत की! पण गल्ल्यावरचा क्यूआर पाहा. २०१६ साली यूपीआय आले आणि तिथे दुकानापेक्षा भलत्याच कंपनीचे नाव ठळक झाले. बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना मी फर्निचरपेक्षा दुकानाच्या नावाला अधिक वजन देत असे. ते नाव, ते चिन्ह आज किती जण नोंदवतात? २०१७ च्या नियमांनुसार लघुउद्योगाला एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क ४,५०० रुपये. नोंदणी १० वर्षांची. चिन्ह काढून घ्यायला याहून जास्त मोजतात! संकेतस्थळाचा पासवर्ड तर बहुधा ते करून देणाऱ्या पोराकडेच असतो. तो नोकरीसाठी गाव सोडून गेला, की दुकानदाराला तिथला फोन नंबरसुद्धा बदलता येत नाही.