मतदार यादी हा जमिनीचाच कागद आहे

जमिनीचा प्रश्न निघाला की आपण पिशवी काढतो. सातबारा, वनपट्टा, दाव्याची पावती, जुन्या दंडाची पावती, सगळं त्या पिशवीत असतं. उंदीर लागू नये म्हणून ती आढ्याला टांगलेली असते. मतदार यादी मात्र त्या पिशवीत कधी नसते. ती पुढाऱ्यांची गोष्ट, निवडणूक आली की बघू, असं आपण धरून चालतो. आमचं म्हणणं असं आहे की मतदार यादी हाही जमिनीचाच कागद आहे, आणि तो दरवर्षी तपासला पाहिजे.

का ते सांगतो. ग्रामसभा म्हणजे कोण, हे घटनेच्या कलम 243 मध्ये लिहिलेलं आहे. गावाच्या मतदार यादीत ज्यांची नावं आहेत ते सगळे मिळून ग्रामसभा. 1996 चा पेसा कायदाही तेच म्हणतो. आता हा कायदा गावाच्या हातात काय देतो ते आठवा. जमीन संपादन करण्याआधी गावाला विचारलं पाहिजे. गौण खनिजाची खाण द्यायची तर गावाची शिफारस लागते. बेकायदा गेलेली आदिवासीची जमीन परत मिळवायची, गौण वनोपजाची मालकी, दारूवर आणि सावकारीवर ताबा, हे सगळं त्यात आहे. सरकार यातलं किती पाळतं हा आपल्या भांडणाचा विषय आहेच. पण भांडायला ग्रामसभेत उभं कोण राहणार? ज्याचं नाव यादीत आहे तोच.

ग्रामपंचायतीची यादी वेगळी बनत नाही. विधानसभेची यादीच वॉर्डावर फोडून घेतात. म्हणजे तिथून नाव गेलं की आमदार-खासदाराचं मत गेलं, सरपंचाचं गेलं, आणि गावात हात वर करायचा हक्कही गेला. आपले पाडे लहान. साठ-सत्तर मतांच्या पाड्यात दहा घरं यादीबाहेर पडली तर ठरावच फिरतो.

ही गोष्ट आपल्या लोकांना फुकट मिळालेली नाही. इंग्रजांच्या 1935 च्या कायद्यात मत सगळ्यांना नव्हतं. कर भरतो का, जमीन किती, शिक्षण किती, यावर ते मिळायचं. ज्याच्या शेताला फॉरेस्टवाले अतिक्रमण म्हणायचे, त्याला ना जमीन होती ना मत. घटनेने ही गाठ तोडली. कलम 326 प्रमाणे वयात आलेल्या प्रत्येकाला मत आहे. आधी वय 21 होतं, 1989 पासून 18 झालं. सातबारा नसला, घरपट्टी नसली, सहीऐवजी अंगठा असला, तरी मत आहे. जे जमिनीवाचून मिळालं, ते आज जमीन राखायला कामाला येतं.

आता नावं जातात कशी ते बघा. यादीची फेरतपासणी बहुतेक वर्षी दिवाळीच्या आसपास चालते आणि पक्की यादी जानेवारीत लागते. नेमक्या त्याच दिवसांत आपली माणसं वीटभट्टीवर, ऊसतोडीला, बागांत कामाला गेलेली असतात. बीएलओ पाड्यावर येतो, दाराला ताटी लावलेली बघतो आणि ‘इथे राहत नाहीत’ असा शेरा मारतो. घरी म्हातारी असते, तिला कोणी विचारत नाही.

असा शेरा मारून नाव कापता येत नाही. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 20 मध्ये स्पष्ट आहे की तात्पुरतं बाहेरगावी गेल्यामुळे माणसाचा रहिवास संपत नाही. कलम 22 सांगतं की ‘हा इथे राहत नाही’ म्हणून नाव काढायचं असेल, तर आधी त्या माणसाला आपलं म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे. मात्र त्याच कायद्यात हेही आहे की गावात घर आहे एवढ्यावर रहिवास ठरत नाही. म्हणून आपण परत येतो, इथलेच आहोत, हे दाखवता आलं पाहिजे. रेशनकार्ड, मुलांच्या शाळेचा दाखला, वनपट्टा, हे कागद त्याला कामी येतात.

2025 साली बिहारमध्ये काय झालं ते ऐकून ठेवा. यादी नव्याने तपासली, आणि ऑगस्टमध्ये जी कच्ची यादी लागली तिच्यात सुमारे 65 लाख नावं नव्हती. कोणाची नावं गेली आणि का गेली हे लोकांसमोर लावा, असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. तिथे आयोगाने सुरुवातीला जे 11 कागद पुराव्याला धरले, त्यात वनहक्काचा दाखला होता. म्हणजे पट्टा मताच्या कामाला येतो आणि मत पट्ट्याच्या. ज्याचा दावा अजून तालुक्याला पडून आहे, त्याच्या हातात तो कागदही नाही.

एक गोष्ट वेगळी आहे, ती नीट ध्यानात ठेवा. 2006 च्या वनहक्क कायद्यात ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे प्रौढ स्त्री-पुरुष. तिथे मतदार यादीची अट नाही. वनहक्काच्या ग्रामसभेत कोणी म्हणालं, ‘तुझं नाव यादीत नाय, बाहेर बस’, तर त्याला कायदा दाखवा. त्या सभेला निम्मे सभासद लागतात, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बाया पाहिजेत.

काही साथी म्हणतात, मत देऊन कोणाचं भलं झालं? जमीन मोर्चाने मिळाली, मताने नाही. यातलं अर्धं खरं आहे. मोर्चे निघाले नसते तर वनहक्क कायदा आलाच नसता. पण रस्त्यावरची मागणी संसदेत हात वर झाले तेव्हाच कायदा झाली. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण येणार होती. लोक कित्येक वर्षं लढले. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न ग्रामसभांकडे पाठवला, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नको म्हणून सांगितलं. 2014 च्या जानेवारीत केंद्र सरकारने परवानगी नाकारली. डोंगर वाचला तो लढ्यामुळे आणि मोजलेल्या हातांमुळे. मोर्च्यात किती आले यावर सरकार वाद घालतं. ग्रामसभेचा ठराव नोंदवलेला असतो, तो नाकारणं त्याला जड जातं.

आणि मटण-बाटलीवर मत देणाऱ्यांनाही आमचं सांगणं आहे. ज्या हाताने बाटली घेतली, तोच हात उद्या खाणीच्या ठरावाला वर करायला लावतील.

म्हणून माणसं कामाला बाहेर पडण्याआधी प्रत्येक पाड्याने एवढं करावं. यादी आणून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावी. 18 पूर्ण झालेल्या पोरा-पोरींचा नमुना 6 भरावा. आता 1 जानेवारीबरोबर 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर याही तारखा वयासाठी धरतात. सून नांदायला आली पण नाव माहेरीच राहिलं असेल, किंवा नाव-वय चुकलं असेल, तर नमुना 8. मयताचं नाव आपणच नमुना 7 भरून काढावं, नाहीतर त्या नावावर दुसराच कोणी मत टाकतो. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. कोणी आपल्या माणसावर हरकत घेतली असेल तर ती कोणी घेतली ते विचारावं. नाव कापलंच तर 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्याकडे अपील करावं. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरतं नाव घालता येत नाही, तेव्हा मतदानाच्या दिवशी केंद्रावर भांडून उपयोग नसतो.

पुढच्या बैठकीला दाव्यांच्या फायलीबरोबर प्रत्येक पाड्याने आपली तपासलेली यादीही आणावी. बाहेर गेलेल्यांची नावं तिच्यावर वेगळी खूण करून ठेवावीत. ते भट्टीवर असतील तेव्हा त्यांच्या नावासाठी बोलणं हे घरी राहिलेल्यांचं काम आहे.