आठ सिलिंडर, दोन भाऊ

आमच्या गंगाखेडात कुणीही नवी गाडी आणली, की पहिला प्रश्न ठरलेला, ‘ॲव्हरेज किती देती?’ गेल्या दिवाळीत मामांना मोबाइलवर एका गाडीचा फोटो दाखवला. नारिंगी-काळी, लांबलचक बॉनेट, मागे निमुळती होत गेलेली टू-सीटर. मामा म्हणाले, ‘हिला पोसायला राजाच पाहिजे!’

एकदम करेक्ट. ती इंदूरच्या यशवंतराव होळकर (दुसरे) यांची ड्यूझेनबर्ग एसजे. नीरेकाठच्या होळ गावातून निघालेल्या घराण्याच्या या वारसाने १९३०च्या दशकात अमेरिकन चासीवर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी चढवून घेतली. ६.९ लिटरचं सुपरचार्ज्ड इंजिन, ३२० हॉर्सपॉवर. तुमच्या-माझ्या हॅचबॅकला ८०-९० म्हणजे डोक्यावरून पाणी!

पण खरी स्टोरी आहे ती बनवणाऱ्यांची. फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूझेनबर्ग हे भाऊ लहानपणी जर्मनीतून अमेरिकेत आले. सायकलींपासून सुरुवात करून इंजिनांकडे वळले. १९२१ची फ्रेंच ग्रां प्री त्यांच्या गाडीने मारली. मग १९२४, १९२५ आणि १९२७ची इंडियानापोलिस ५००. ट्रॅकवर हीरो, हिशेबात मात्र झीरो! शेवटी १९२६मध्ये ई. एल. कॉर्ड या उद्योजकाने कंपनी विकत घेतली. पाटीवर नाव ड्यूझेनबर्गचं, आणि फ्रेड तिथे नोकरीला.

कॉर्डने ब्रीफ दिलं, सगळ्यात भारी गाडी बनव. फ्रेडने ‘मॉडेल जे’ बनवली. १९२८च्या डिसेंबरात लाँच झाली आणि वर्षभराच्या आत शेअर बाजार कोसळला. फोर्डची अख्खी गाडी ५०० डॉलरच्या आसपास मिळायची, तेव्हा हिची नुसती चासीच साडेआठ हजारांची. १९३२मध्ये फ्रेड स्वतःच बनवलेली गाडी चालवताना अपघातात सापडला आणि काही आठवड्यांत गेला. १९३७मध्ये कंपनीला टाळं. ‘जे’ आणि ‘एसजे’ मिळून गाड्या बनल्या ४८०च्या आसपास.

गंमत बघा, फ्रेडने रस्त्यावरची सर्वात भारी गाडी बनवली ती मालक असताना नाही, नोकर असताना. पैशाचं टेन्शन दुसऱ्याने घेतलं म्हणून ते काम झालं, आणि गिऱ्हाइकांचा पैसा आटला तेव्हा थांबलं. म्हणून, ‘स्वतःचं काहीतरी’ सुरू करायला राजीनामा टाइप करून ठेवलेल्या दोस्तांनो, सेंड जरूर करा. पण त्याआधी एवढं ठरवा, हिशेब कोण बघणार?