पंचवीस रुपयांची चिकाटी

कुंभकोणमच्या शाळांत बक्षीस समारंभाला पाहुणा कुणीही असो, कलेक्टर असो नाहीतर बँकेचा मॅनेजर, तो बोलता बोलता रामानुजनवर येतोच. गोष्ट ठरलेली असते. गणितात पैकीच्या पैकी, बाकीच्या विषयांत नापास, कॉलेज सुटलं, नोकरी मिळेना, तरी गडी हटला नाही आणि शेवटी केंब्रिजला पोचला. तेव्हा मुलांनो, तुम्हीही हटू नका. मग टाळ्या. इथल्या एका शाळेत मी गणित शिकवलं, त्यामुळे त्या टाळ्यांत माझाही वाटा आहे. माहेर मिरजेचं, सासर तिरुविडैमरुदूरजवळच्या एका गावातलं, घर तंजावरी मराठी. आता निवृत्त झाले आहे, पाहुण्यांना राग येईल याची भीती उरलेली नाही, म्हणून लिहिते: ही गोष्ट अर्धीच सांगितली जाते आणि तेवढी अर्धी ऐकून पोरं स्वतःला दोष देत बसतात.

पूर्ण गोष्ट अशी. १९०४ साली टाउन हायस्कूलमधून गणिताचं बक्षीस घेऊन बाहेर पडलेला हा मुलगा कावेरीकाठच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्तीवर गेला आणि इंग्रजीत नापास झाला. शिष्यवृत्ती गेली. वडील साड्यांच्या दुकानात गुमास्ते, पगार महिना वीस रुपये. १९०५ च्या ऑगस्टमध्ये पोरगा घरातून न सांगता निघाला तो थेट विशाखापट्टणमला. मुलगा हरवल्याची बातमी मद्रासच्या ‘हिंदू’त छापून आली. परतल्यावर मद्रासचं पच्चैयप्पा कॉलेज झालं. एफ.ए.च्या (फर्स्ट आर्ट्स) परीक्षेला १९०६ मध्ये बसला, १९०७ मध्ये पुन्हा बसला, दोन्ही वेळा नापास. परीक्षेनं अन्याय केला असंही म्हणता येत नाही. सगळ्या विषयांत पास व्हायला हवं हा नियम होता, आणि शरीरशास्त्रासारख्या विषयाकडे तो ढुंकून पाहत नव्हता.

पुढची तीन वर्षं तो काय करत होता? सारंगपाणि देवळासमोरच्या रस्त्यावरच्या घरात, ओट्यावर पाटी घेऊन गणितं करत बसला होता. पाहुणे या तीन वर्षांवरून झरकन पुढे सरकतात. मला मात्र तिथेच थांबावंसं वाटतं, कारण या काळात त्याला जेवायला कोण घालत होतं हा साधा प्रश्न कुणी विचारत नाही. आई कोमलताम्माळ घालत होती. ती देवळात भजनं म्हणून महिन्याला थोडे रुपये मिळवायची आणि कॉलेजातल्या परगावच्या मुलांना घरात ठेवून, जेवण देऊन संसाराला हातभार लावायची. म्हणजे ज्या कॉलेजानं पोराला नापास केलं, त्याच कॉलेजात पास होणाऱ्या पोरांच्या पैशांवर त्याचं ताट वाढलं जात होतं. तिला काय वाटत असेल, देव जाणे. १९०९ मध्ये तिनं त्याचं लग्न लावून दिलं. तेव्हा कुठे तो नोकरीसाठी दारं ठोठावायला निघाला.

१९१० मध्ये तो तिरुकोयिलूरला गेला. तिथे व्ही. रामस्वामी अय्यर डेप्युटी कलेक्टर होते. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी त्यांनीच उभी केलेली. रामानुजननं वही पुढे ठेवली आणि आपल्या कचेरीत कारकुनाची जागा द्या म्हणाला. अय्यरांनी दिली नाही. या माणसाला महसूल खात्याच्या तळाशी गाडून टाकायची त्यांची तयारी नव्हती. पण त्यांनी ओळखीची चिठ्ठी देऊन त्याला मद्रासला धाडलं. तिथून धागा जुळत जुळत नेल्लूरचे कलेक्टर रामचंद्र राव यांच्यापर्यंत पोचला.

या रामचंद्ररावांवर आमच्या सासरच्यांचा हक्क आहे. कुंभकोणम रामानुजनला आपला म्हणतं, आणि आमच्यासारखी तंजावरी मराठी घरं रामचंद्ररावांना, कारण ते याच समाजातले. महाराष्ट्रात त्यांचं नाव कुणाला ठाऊक नसतं. मिरजेत असेपर्यंत मलाही नव्हतं. राव गणिताचे शौकीन होते, पण समोरच्या वहीतलं काही त्यांना उमगेना. हा पोरगा थोर आहे की भ्रमिष्ट, हेही कळेना. पहिल्या भेटीत त्यांनी त्याला तसंच परत पाठवलं. रामानुजन पुन्हा आला. एका भेटीत त्यानं मुंबईचे प्राध्यापक साल्ढाणा यांच्याशी झालेला पत्रव्यवहार पुढे ठेवला. मग त्यानं सोपी उदाहरणं घेऊन रावांना पायरी पायरीनं वर नेलं, तेव्हा त्यांची खात्री पटली. तुला हवं तरी काय, असं त्यांनी विचारलं. त्याचं मागणं छोटं होतं: पोटापुरतं मिळावं, म्हणजे गणितं करता येतील.

रावांनी त्याला नेल्लूरच्या कुठल्या कचेरीत चिकटवलं नाही. मद्रासला परत पाठवलं आणि स्वतःच्या खिशातून महिना पंचवीस रुपये सुरू केले. त्याच्या वडिलांच्या पगाराहून पाच रुपये जास्त! १९११ साली, बर्नुलीच्या संख्यांवरचा त्याचा पहिला लेख सोसायटीच्या नियतकालिकात आला, तेव्हा त्याचं दाणापाणी या पैशांवर चाललं होतं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की चिकाटी हा एकट्याचा गुण असतो, हा समज मला पटत नाही. ज्याला नकार मिळतो तो टिकतो, कारण त्याला तगवणारं कुणीतरी असतं. रामानुजनची पत्नी जानकी घ्या. १९२० मध्ये नवरा गेला तेव्हा ती एकविशीच्या आसपास होती. ती मुंबईला भावाकडे जाऊन राहिली, तिथे शिवणकाम शिकली, मग मद्रासला परतून ट्रिप्लिकेनमध्ये शिवणाच्या कामावर तिनं आपलं आयुष्य काढलं. १९९४ मध्ये ती वारली. हटली नाही असं कुणाला म्हणायचंच असेल तर आधी तिला म्हणावं. पण तिच्या मागेही काही वर्षं भावाचं घर होतं.

आणि आधार नसला तर? १९१७ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजनं रामानुजनला फेलोशिप नाकारली. तेव्हा युद्ध चालू होतं, तो आजारी होता, जेवणाचे हाल, घरची पत्रं धड येत नव्हती. १९१८ च्या सुरुवातीला लंडनमध्ये त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला. त्यामागे एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही. पण जो माणूस कुंभकोणमच्या ओट्यावर दोन नापासांनंतरही बसून राहिला, तोच हा. त्याच वर्षी रॉयल सोसायटीनं त्याला फेलो केलं आणि ट्रिनिटीनंही निर्णय फिरवला. बक्षीस समारंभात हे शेवटचं तेवढं ऐकायला मिळतं.

आता आमच्या गावांकडे या. इथली शेती मेट्टूर धरणावर. १२ जूनला दरवाजे उघडायचा रिवाज आहे. पाणी लांबलं की कुरुवैचं, म्हणजे पहिल्या भाताचं, पीक हातचं जातं, आणि कालव्याच्या शेपटाकडच्या गावांना तर चांगल्या वर्षीही आशेवर राहावं लागतं. म्हणून घरातल्या एकानं तरी सरकारी पगार आणावा असं प्रत्येकाला वाटतं. आपल्याकडे तलाठी, तसा इथे व्हीएओ. ती जागा टीएनपीएससीच्या, म्हणजे तमिळनाडू लोकसेवा आयोगाच्या, ग्रुप फोर परीक्षेतून मिळते. २०२२ मध्ये त्या परीक्षेच्या ७,३०१ जागांसाठी जवळपास २२ लाख अर्ज आले होते. महाराष्ट्रात २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा आणि दहा लाखांवर अर्ज. इथे एका जागेमागे तीनशे, तिथे दोनशेहून जास्त. अशा परीक्षेत नाव न येणं हे अपयश कसलं? ते साधं भागाकाराचं उत्तर आहे. त्या पोराला चिकाटीवर व्याख्यान देणं म्हणजे त्याच भागाकारात आणखी एक वर्ष घालायला सांगणं. बरं, निकालही लवकर नाही. २०२२ ची परीक्षा जुलैत झाली आणि निकाल पुढच्या मार्चमध्ये लागला. आठ महिने पोरानं काय करायचं? भाताच्या गिरणीत हिशेब लिहायला बसलेले माझे काही विद्यार्थी आहेत. घरचे ते लपवतात. मुलगा ‘तयारी करतोय’ असंच सांगतात, जणू गिरणीत बसल्यानं त्याचं स्थळ बिघडेल.

खरं तर रामानुजननंही गिरणीच गाठली, म्हणजे पोर्ट ट्रस्ट. रावांचे पैसे त्याला फार दिवस घ्यावेसे वाटेनात. १ मार्च १९१२ पासून तो मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात कारकून झाला, पगार महिना तीस रुपये. पुढच्या जानेवारीत त्यानं केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना जे पत्र लिहिलं, त्याची सुरुवातच आपण वर्षाला वीस पौंडांवर काम करणारे कारकून आहोत, अशी आहे. त्याआधी केंब्रिजच्याच बेकर आणि हॉब्सन या दोघांकडून त्याच्या हाती काही लागलं नव्हतं. कारकुनी ही त्याला हार वाटली नाही. ती पाय टेकायची जागा होती, आणि तिथून तो नकार झेलू शकत होता.

माझा भाचा पुण्यात सदाशिव पेठेत राहून एमपीएससीची तयारी करतो. प्रिलिम निघते, मुख्य परीक्षेला कट-ऑफच्या अलीकडे अडकतो. माझ्या बहिणीचं फोनवर एकच पालुपद असतं: त्याला समजाव, हिंमत सोडू नकोस म्हणावं. मी त्याला तसं सांगत नाही. खानावळ आणि अभ्यासिका भागेल एवढी रक्कम दर महिन्याला पाठवते आणि ती कधी थांबणार, ती तारीख त्याला आधीच सांगून ठेवली आहे. तारीख आली की पैसे बंद, पण माझं घर बंद नाही. आपल्याकडे घरं पोरांना पैसे देत नाहीत असं नाही. अनेक घरं जमीन विकूनही देतात. पण ते किती आणि कधीपर्यंत, हे कुणी बोलत नाही. मग पैशांबरोबर टोमणे येतात, आणि टोमण्यांबरोबर आणखी एक अटेम्प्ट. मुलींना मात्र तारीख मिळते. ती लग्नाची असते आणि घरच्यांनी ठरवलेली असते.

मला त्या डेप्युटी कलेक्टरचा नकार सगळ्यात मोलाचा वाटतो. जागा नाही म्हणाले, पण पुढे कुणाकडे जायचं ते लिहून दिलं. परीक्षा मंडळांना चिठ्ठ्या लिहिता येणार नाहीत, हे मलाही कळतं. पण कुठल्या विषयात किती कमी पडलं, उत्तरपत्रिकेत काय चुकलं, हे प्रत्येक नापास मुलाला वेळेत सांगणं त्यांना जमण्यासारखं आहे. खासगी कंपन्यांना तर एक ओळीचं उत्तरही जमत नाही. पोरं मुलाखत देऊन येतात आणि फोनकडे बघत बसतात.

नकारानंतर आधार देणं ही काही नवी गोष्ट नाही. तंजावरच्या मराठ्यांचा एक राजा, अमरसिंह, १७९८ मध्ये गादीवरून उतरवला गेला. तो आमच्या तिरुविडैमरुदूरला येऊन राहिला, ईस्ट इंडिया कंपनीचं पेन्शन घेत. नाकारलेल्या राजाच्या पोटाची सोय त्या काळीही होत असे.

भाच्यानं आता एका पतसंस्थेत सकाळची नोकरी धरली आहे. दुपारनंतर अभ्यासिका. बहिणीला हे अजिबात पटलेलं नाही. मावशीनंच त्याला बिघडवला, असं ती नातेवाइकांत सांगते. परवा तिनं फोनवर मला विचारलं, ‘अगं, कारकून म्हणून सांगू का आता मी लोकांना?’ खुशाल सांग, म्हटलं, आणि पगारही सांग.