आधी ग्रीस, मग लिथियम

मंडळी, आज जरा भांडायचंय.

विषय गाडी. पण साधी गाडी नाही, राहायची गाडी. झोपायला पलंग, चहाला ओटा, टपावर पाण्याची टाकी, असली. आणि भांडण माझ्याच जमातीशी आहे. दिवसभर संगणकापुढे बसणारे, शनिवार उजाडला की ड्रिल मशीन हातात घेणारे, आणि घेतल्या घेतल्या कुठेतरी भोक पाडणारे जे आपण आहोत ना, त्यांच्याशी.

पार्श्वभूमी थोडक्यात. ऑफिसातल्या आम्ही तिघांनी मिळून २०२१च्या डिसेंबरात एक वापरलेली कॅम्पर व्हॅन घेतली. परदेशात लोक गाडीमागे ओढायचा ट्रेलर घेतात. आपल्या घाटांत ते लोढणं मागे बांधून रिव्हर्स घ्यायची कल्पना करून बघा, म्हणजे आम्ही एकाच सांगाड्यावरचं का घेतलं ते कळेल. नाव ठेवलं 'बिऱ्हाड'. पुण्यात आमच्या सोसायटीत तिला उभं राहायला जागा नाही (सेक्रेटरींचा आणि माझा त्यावर स्वतंत्र पत्रव्यवहार आहे, तो पुन्हा कधीतरी). त्यामुळे एरवी ती असते माझ्या आजोळी, नात्याला. महाडहून रायगडाकडे निघालं की वाटेत लागतं ते नाते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख १८९६ साली जन्मले ते याच गावात. हे नुसतं मिरवायला सांगत नाहीये, चिंतामणराव पुढे कामाला येणार आहेत.

तर गाडी घेतल्यावर आम्ही काय केलं? जे सगळे करतात तेच. एक्सेल शीट. त्यात 'फेज १', 'फेज २', 'फेज ३'. फेज १ मध्ये सोलर, फेज २ मध्ये लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर, इंडक्शन शेगडी, फेज ३ मध्ये एसी. तीन पानं भरली. त्या तीन पानांत 'ब्रेक ऑइल' हा शब्द एकदाही नव्हता. तुम्ही म्हणाल, असं कसं? अहो, तुमच्या प्रोजेक्टच्या रोडमॅपमध्ये 'जुने बग काढणे' अशी ओळ शेवटची कधी बघितलीत, ते आधी सांगा.

फेज १. एप्रिल २०२२. टपावर दोन पॅनल बसवले. त्यासाठी पत्र्याला आठ भोकं पाडली. भोकाच्या कापलेल्या कडेला प्रायमर लावायचा असतो हे आम्हाला माहीत नव्हतं. वरून हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन दाबून भरलं. व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते. नंतर कळलं की तो वास ॲसेटिक ॲसिडचा, आणि उघड्या पत्र्याला ते गंज आणतं. शिवाय एकदा वाळलेल्या सिलिकॉनवर दुसरं काहीही धड चिकटत नाही, पुढच्या खेपेला सगळं खरवडूनच काढावं लागतं. अशा जागी ब्युटाइलची टेप लावून वर टपासाठीचं खास सीलंट वापरायचं असतं. पण टेपचे फोटो काढून कोण कोणाला पाठवतंय! पॅनलचे काढले. ऐंशी लाइक.

मग आला पाऊस. महाड भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. ऑक्टोबरात नात्याला जाऊन दार उघडलं तर आत कुबट वास. पलंगाच्या वरच्या प्लायला अंगठा लावला, तो आत गेला. खरंच आत गेला, भिजलेल्या टोस्टमध्ये जावा तसा. आठातल्या तीन भोकांतून चार महिने पाणी झिरपत होतं. आणि खाली बॅटरी मस्त चार्ज होती, कारण सोलर उत्तम चालत होतं!

मामा मागून येऊन उभे राहिले. म्हणाले, "अरे, उन्हाची वीज पकडलीस ती पकडलीस, पण पावसाला कशाला आत घेतलंस?"

इथे शहाणा माणूस थांबला असता. आम्ही प्लाय बदलला आणि फेज २ ला लागलो.

फेज २ बद्दल थोडं तांत्रिक बोलतो, कारण लोक इथेच सगळ्यात जास्त फसतात. जुन्या लेड ॲसिड बॅटऱ्या निम्म्याच्या खाली उतरवल्या की त्यांचं आयुष्य घटतं. लिथियम आयर्न फॉस्फेट जवळजवळ पूर्ण वापरता येते, वजनाला निम्मी. सगळं खरं. मी लिथियमच्या विरोधात नाही. पण १२ व्होल्टवर १५०० वॅटची शेगडी चालवायची म्हणजे वायरीतून साधारण १३० अँपिअर जाणार. आता समजा एका टोकाचा लग नीट क्रिम्प केला नाही, पकडीने दाबून बसवला. जोडात उरला फक्त एक शतांश ओहम. मल्टिमीटरवर तो दिसणारही नाही. १३० गुणिले १३० गुणिले ०.०१ करा. १६९ वॅट. म्हणजे तीन-चार सोल्डरिंग आयर्न एकत्र बांधून पलंगाखालच्या लाकडी कपाटात चालू ठेवायची आणि वर निवांत खिचडी टाकायची. आमच्या लगवरचं प्लास्टिक तपकिरी झालं तेव्हा हा हिशेब मी केला. आधी करायला हवा होता, बारावीतलाच आहे. दर दोन-तीन महिन्यांनी हाताने लग हलवून बघणं, नट आवळणं, शेगडी चालू असताना जोडाजवळ हात नेऊन गरम लागतोय का बघणं, याला काही पैसे पडत नाहीत. म्हणूनच बहुधा कोणी करत नाही.

आणि मग २०२३ची दिवाळी.

पुण्याहून भोरमार्गे वरंधा घाटाने नात्याला निघालो. गाडीत मी, बायको, मुलगी आणि आई. वाघजाईपाशी थांबून भजी खाल्ली, माकडांनी त्यातली दोन नेली. उतरायला लागलो. माझेरी अजून खाली होतं तेव्हा ब्रेकचं पेडल मऊ लागलं. पुढच्या वळणाला आणखी मऊ. त्याच्या पुढच्या वळणाला पाय जवळजवळ तळाला टेकला आणि गाडी मात्र जेमतेम मंदावली. मी दुसरा गिअर टाकला, मग पहिला, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या गटाराला चाक लावून गाडी थांबवली. आईला वाटलं मी फोटो काढायला थांबलो. मी खाली उतरून चाकाला दगड लावला तेव्हा माझे हात थरथरत होते. मुलगी झोपलेलीच होती.

झालं होतं असं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रतीचं नवं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरला की ती मर्यादा १४० वर येते. डॉट ४ असेल तर २३० वरून १५५. आमचं तेल गाडी घेतल्यापासून बदललेलं नव्हतं, आधीच्या मालकाने कधी बदललं देव जाणे, आणि दोन पावसाळे ते कोकणच्या दमट हवेत उभं होतं. उतारावर चाकं तापली, तेल उकळलं, पाइपात वाफ झाली. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल तळाला जातं ते असं.

आता दुसरी बाजू. गाडी साडेतीन टनांची धरा, उतार सहाशे मीटरचा धरा. एवढ्या उतरणीत जी ऊर्जा जिरवावी लागते ती येते पावणेसहा युनिटच्या आसपास. ज्या लिथियम बॅटरीच्या कौतुकात मी तीन महिने घालवले तिच्यात मावतात अडीच युनिट. त्यातलं थोडं इंजिन जिरवतं, थोडं वारा, बाकीचं ब्रेकच्या माथी. आणि प्रत्येक अपग्रेड हे वजन असतं. पॅनल, इन्व्हर्टर, मोठी टाकी, वरचं कपाट. बॅटरीत वाचवलेलं वजन आम्ही टाकीत दामदुपटीने परत भरलं होतं. म्हणजे आमच्या शीटमधली प्रत्येक ओळ त्या जुन्या तेलावर थोडा थोडा बोजा टाकत होती, आणि त्या तेलाची ओळच नव्हती.

तासभर थांबलो. चाकं निवल्यावर पहिल्या गिअरमध्ये रांगत बिरवाडी, मग महाड. गॅरेजवाल्याने काढलेलं तेल बाटलीत धरून दाखवलं. कोरा चहा. नवं तेल आणि मजुरी मिळून जो खर्च आला तो आमच्या एका यूएसबी चार्जिंग पॅनेलपेक्षा कमी होता. असो. असो असं म्हणतोय, पण अजून पचलेलं नाही.

त्या रात्री नात्याला अंगणात बसलो होतो. समोर मामांच्या ट्रॅक्टरची ट्रॉली. ट्रेलरच की तोही, आमच्या बिऱ्हाडाचा गरीब चुलतभाऊ. भात, विटा, वाळू, लग्नाचं वऱ्हाड, सगळं वाहून झालंय. माझ्या शाळेच्या दिवसांपासून ती तीच आहे. मी विचारलं, "मामा, हिला तुम्ही नवीन काय लावलंत आत्तापर्यंत?"

"हिला? रंग लावला एकदा. बाकी ग्रीस."

दर हंगामाआधी मामा चाक जॅकवर घेतात, हाताने फिरवून कान लावून ऐकतात, वर-खाली हलवून प्ले बघतात. बेअरिंग उघडून जुनं ग्रीस काढून नवं भरतात. जोडाची पिन झिजली की बदलतात. हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे, शीट नाही.

पण मामांनाही मी सोडणार नाही. त्या ट्रॉलीला मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. संध्याकाळी अंधारात, महाड-रायगड रस्त्यावर! तिथे मात्र "इतकी वर्षं काय झालं?" हे उत्तर. हेही आमच्याच रोगाचं दुसरं टोक. मी दुसऱ्या दिवशी लाल पट्टी आणून मागच्या फाळक्यावर चिकटवली. मामा म्हणाले नवरीसारखी दिसते. दिसू दे.

जुनं सांभाळण्यात कौतुक नाही, हे फक्त आमच्या तिघांचं दुखणं नाही. महाडकरांना वेगळं सांगायला नको. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात गेला, दोन एसटी आणि माणसं घेऊन गेला. नवा पूल पुढच्या जूनमध्ये सुरू झाला, १६५ दिवसांत बांधला म्हणून त्याचं केवढं कौतुक! व्हायलाच हवं, काम चांगलंच झालं. पण जुन्या पुलाच्या दगडांत उगवलेलं झाड वेळीच काढणाऱ्या माणसाची बातमी कुठल्या पेपरात वाचलीत का? कॅरॅव्हॅनचंही तसंच. २०२१ मध्ये राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं, चांगलं केलं. पण अशा गाडीचं टप, गॅस, वायरिंग आणि ब्रेक एका ठिकाणी तपासून देईल असा माणूस शोधायला मला अख्खं पुणे पालथं घालावं लागलं. एसी बसवून देणारे मात्र पाच मिळाले.

आता चिंतामणराव. अर्थमंत्र्याच्या गावात गाडी उभी करतो आणि घसारा म्हणजे काय ते आम्हाला माहीत नाही! म्हणून मी उरलेल्या दोघांपुढे नियम मांडला. गाडी चालेल त्या प्रत्येक किलोमीटरला प्रत्येकाने तीन रुपये घसारा डब्यात टाकायचे, उभी असेल त्या प्रत्येक महिन्याला पाचशे. कारण उभी गाडीही झिजते. आमच्या टायरवर ३११७ छापलं होतं, म्हणजे २०१७चा एकतिसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी, पण बाजूला बारीक चिरा. चालून नाही, उभं राहून म्हातारे झालेले. गॅसच्या सुरक्षा नळीवरही तारीख असते, पाच वर्षांनी बदलायची. तुमच्या घरच्या नळीवरची बघितलीत कधी? आत्ता उठून बघा, मी थांबतो.

नियमाचा दुसरा भाग जास्त झोंबला. ज्याला नवीन वस्तू लावायची आहे त्याने आधी जुन्या यादीतली तीन कामं स्वतःच्या हाताने करायची. पैसे देऊन नाही, हाताने.

यावर आक्षेप आला की असं केलं तर गाडीत कधीच काही नवीन येणार नाही, मग मजा काय? मुद्दा खोटा नाही. अपग्रेडची मजा मलाही कळते, नाहीतर आठ भोकं कुणी पाडली? बांधणं हाच ज्याचा छंद आहे त्याने अंगणात काय हवं ते बांधावं. पण ज्या गाडीत माझी आई बसते ती घाटात उतरणार आहे. तिथे मजा ब्रेकच्या नंतर येते. दुसरा म्हणाला, "तू एका प्रसंगाने घाबरलायस." हो, घाबरलोय. भलताच घाबरलोय.

मतदान झालं. दोन विरुद्ध एक, नियम पास. ज्याला एसी हवा होता तो विरोधात होता. परवा शनिवारी तो एकटाच एसटीने नात्याला गेला, आणि संध्याकाळी मामांचा फोन आला: "अरे, तुझा तो मित्र सकाळपासून गाडीच्या खाली आहे. दोन बेअरिंगं झाली, तिसरं चाललंय. जेवायला ये म्हटलं तर म्हणतो एक काम बाकी आहे. ह्याला झालंय काय?"