दुसरीचे वर्ष आणि घर

मूल पहिलीत गेले की घरात सोहळा होतो आणि दहावीत गेले की घराला घोर लागतो. दुसरी ही यत्ता मात्र अशी, की ती कधी आली आणि कधी सरली याची घरात फारशी नोंदही होत नाही. वस्तुतः पुढच्या साऱ्या शिक्षणाचा पाया याच वर्षी बसतो किंवा खचतो. अक्षरओळख पहिलीत झालेली असते. त्या अक्षरांतून अर्थ काढण्याची, म्हणजे खऱ्या वाचनाची सुरुवात दुसरीत व्हावयाची असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वयाच्या तिसऱ्या ते आठव्या वर्षापर्यंतचा काळ हा एक सलग पायाभूत टप्पा मानला आणि दुसरी ही त्याची अखेरची पायरी ठरविली, ती काही उगीच नव्हे. पुढच्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले, तेही याच वयाच्या मुलांना वाचन आणि अंकज्ञान यावे म्हणून.

प्रत्यक्ष स्थिती काय आहे? ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील तिसरीच्या शंभर मुलांपैकी सुमारे सत्तावीस मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. करोनाकाळात शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ साली, हे प्रमाण वीसच्या आसपास घसरले होते. त्या मानाने सुधारणा झाली खरी, पण बाकीच्या मुलांचे काय?

हे आकडे खेड्यांतले आहेत, खारघरसारख्या आखीव नगराला त्यांच्याशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने खाडी आणि डोंगर यांच्या मधल्या पट्टीत वसविलेल्या या नगरात शाळांची वाण नाही. इंग्रजी माध्यमाच्या शाळांची तर दाटीच आहे. शुल्क भरले, बस लावली, गणवेश घेतला की कर्तव्य संपले, असे मानणारा सुशिक्षित पालक येथे घरोघर भेटतो. मूल पाठ्यपुस्तकातील इंग्रजी धडा घडाघडा म्हणून दाखविते आणि घर संतुष्ट होते. परंतु ते वाचन आहे की पाठांतर, याची परीक्षा कोणी घेत नाही. न पाहिलेल्या गोष्टीचे एक पान मुलापुढे ठेवावे आणि वाचून झाल्यावर त्यात काय घडले, एवढेच विचारावे. उत्तर आले नाही तर मुलाला रागावण्याचे कारण नाही. त्या पानाची भाषा त्याच्या घरात कोणी बोलतच नाही, हे त्याचे साधे कारण असू शकते.

गणिताची कथा याहून बोलकी आहे. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. ‘सत्तावीस’ऐवजी ‘वीस सात’ असे संख्यावाचन सुचविले म्हणून विधिमंडळापर्यंत टीका आणि टवाळी झाली. गणित विषय समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी त्यामागचा विचार परोपरीने समजावून सांगितला, पण थट्टेच्या गदारोळात तो फारसा कोणी ऐकला नाही. विचार साधा होता. मराठीत आपण ‘सत्ता-वीस’ म्हणताना आधी सात उच्चारतो आणि लिहिताना आधी दोन लिहितो. कन्नड वा तेलुगू बोलणारे मूल दशक आधी बोलते आणि आधीच लिहिते. मराठी मुलाला मात्र कान आणि हात यांची दिशा उलट ठेवावी लागते. सत्तावीस सांगितल्यावर एखाद्याने ७२ लिहिले तर तो निष्काळजीपणा नव्हे. त्याने जे ऐकले त्याच क्रमाने लिहिले. त्यात ‘एकोणसत्तर’सारखे शब्द, ज्यात साठाचा मागमूसही नाही! जुनी संख्यानामे टाकून द्यावीत असे यातून निघत नाही. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात आणि जर्मन मुले गणित शिकतातच. पण अडचण कोठे आहे हे पालकाला ठाऊक असेल, तर ‘सत्तावीस म्हणजे वीस आणि सात’ हे तो दहा वेळा शांतपणे सांगेल.

खारघरच्या इंग्रजी शाळांतील मराठी मुलांचे दुखणे वेगळेच आहे. त्यांना ‘ट्वेंटी सेव्हन’ कळते, ‘सत्तावीस’ कळत नाही. आजीने भाजीचा हिशेब सांगितला की नातू तोंडाकडे बघत राहतो. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, २०२०-२१ पासून पहिली व सहावीत तिचा आरंभही झाला. पण घरातच जी भाषा मुलाशी टाळली जाते ती आठवड्याच्या काही तासिकांनी कशी रुजणार? एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा आणण्याचा निर्णय झाला आणि वादंगानंतर जूनअखेर तो मागे घेण्यात आला. त्या साऱ्या चर्चेत दुसरीतल्या मुलाला पहिली भाषा तरी कितपत येते, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी वर्षाला किमान ८०० तासांचे अध्यापन ठरविले आहे. वर्षाचे एकूण तास ८,७६०. उरलेला काळ घराचा आहे. तो शिकवणीवर्गाला विकून टाकणे, हा खारघरमध्ये रूढ झालेला सोपा मार्ग. पहिली-दुसरीला गृहपाठ देऊ नये आणि दप्तराचे ओझे दीड किलोपेक्षा अधिक नसावे, अशी सूचना केंद्राने नोव्हेंबर २०१८ मध्ये काढली होती. त्या वयाच्या मुलाला शाळेनंतर पुन्हा दोन तास बाकावर बसविणारा पालक मदत करीत नाही, मुलाचा कंटाळा वाढवितो.

मदत याहून स्वस्त आहे. बेलापूर ते पेंधर ही मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून खारघरमधून धावते. तिच्या स्थानकांची नावे म्हणजे दुसरीचा वाचनपाठच होय. ‘बेलपाडा’ मूल सहज वाचेल. ‘उत्सव चौक’ येथे जोडाक्षराशी अडखळेल. ‘केंद्रीय विहार’ला अनुस्वार, जोडाक्षर आणि दीर्घ वेलांटी एकदम भेटतील. अडखळू द्यावे, शब्द आपण पुरवू नये. पेठपाडा, बेलपाडा यांतला ‘पाडा’ म्हणजे काय, हे मुलाने विचारले तर नगर वसण्यापूर्वी येथे कोण राहत होते हेही सांगता येईल. सेक्टर १२ आणि सेक्टर २१ यांत अंक तेच, मग जागा निराळ्या का, हा प्रश्न स्थानिक किंमत शिकविण्यास पुरेसा आहे.

हातच्याचेही तसेच. अडतीस आणि सत्तावीस यांच्या बेरजेत आठ आणि सात पंधरा, ‘पाच लिहा, हातचा एक’ असे मूल पाठ म्हणते. तो एक हा एक नसून दहा आहे, हे त्याला कोणी दाखवीत नाही. एकाच्या दहा नाण्यांच्या बदल्यात दहाची एक नोट दिली की ते डोळ्यांना दिसते. मात्र अलीकडे वाण्याचे पैसेही मोबाईलवरून चुकते होतात. मोड, सुटे पैसे, परत आलेली चिल्लर मुलाच्या दृष्टीआड झाली. आठवड्यातून एकदा तरी पालकाने रोख पैसे घेऊन मुलासह बाजारात जावे आणि उरलेले पैसे त्यालाच मोजावयास लावावेत.

राहता राहिले ते पालक, ज्यांना स्वतःलाच वाचता येत नाही. या नगराच्या इमारती बांधणारे आणि त्यांतील घरे झाडणारे हात त्यांचेच. त्यांची मुले शिक्षकाच्या भरवशावर असतात, असे म्हणण्याची रीत आहे; पण मुलाने रोज रात्री वाचून दाखवावे आणि आईने ऐकून ‘मग पुढे काय झाले?’ एवढे विचारावे, याला साक्षरता लागत नाही. हे त्यांना शाळेनेच सांगावयास हवे. त्यासाठी पालकसभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला न भरविता, रोजंदारी न बुडता येता येईल अशा रविवारी सायंकाळी भरवावी.