डिस्चार्ज कार्ड मराठीत मागा

वर्तकनगरात घरोघरी फिरताना आयाबहिणी कार्ड पुढे करतात, “ताई, यात काय लिहिलंय?” कार्डावर बीडी, टीडीएस, एचएस. म्हणजे दिवसातून दोनदा, तीनदा, झोपताना. मग तसेच मराठीत का लिहीत नाहीत? साखरेची गोळी जास्त वेळा घेतली, तर साखर उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो.

समजेल अशा भाषेत माहिती मिळणे हा उपकार नव्हे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्ण हक्क सनदेत तो हक्क आहे.

बंधू-भगिनींनो, कोणती गोळी कशासाठी, कधी, किती दिवस आणि कोणता त्रास झाल्यास परत यायचे, हे सिस्टरकडून मराठीत लिहून घ्या. मग आपल्या शब्दांत तिला सांगून दाखवा. समजण्यात चूक असेल तर तिथेच कळेल. वाचता येत नसेल, तर गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य-चंद्र काढून मागा.